वऱ्हाडातील ग्रामसंघटन व स्थानिक नेतृत्व

सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगांपर्यंत पसरलेले पूर्णा नदीचे खोरे व त्याच्या दक्षिणेचा घाटमाथा मिळून वऱ्हाड हा प्रदेश बनतो. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे त्याचे जुने चार जिल्हे; अकोल्यातून १९९८ मध्ये वाशिम जिल्हा वेगळा झाला. काळी जमीन, कापसाचे पीक आणि चार-सहा कोसांवर एखादा बाजाराचा कसबा, अशी येथील वस्तीची सर्वसाधारण रचना आहे. अशा कसब्यांत आणि त्यांच्याभोवतीच्या खेड्यांत सार्वजनिक कामाची जबाबदारी घेणारी माणसे कोणत्या संस्थांतून तयार झाली, त्या संस्थांचा खर्च कोणी सोसला आणि त्यांच्या कक्षेबाहेर काय राहून गेले, यांचा विचार येथे मुख्यतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांपुरता केला आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी गावाचे पुढारीपण हे वतन होते. गावचा पाटील, हिशेबाचा पटवारी व परगण्याचे देशमुख-देशपांडे यांच्याकडे ते वंशपरंपरेने चालत आले होते. सार्वजनिक काम म्हणून वेगळी कल्पना नव्हती. विहीर, पार, देऊळ, जत्रा व गावरक्षण ही कामे वतनदार आणि बलुतेदार यांच्या परस्पर हक्क-कर्तव्यांत सामावलेली होती. या व्यवस्थेचे पुढे पुष्कळ गोडवे गायिले गेले. परंतु जो महार गावाची सीमा सांगे आणि सांगावा पोचवी, त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे, ही गोष्टही त्याच व्यवस्थेचा भाग होती.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. तेव्हापासून १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत त्याचा कारभार चाले. नंतर तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. इंग्रजांनी येथे रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी व आकारणी केली. पाटील राहिला, पण तो सरकारी नोकर झाला आणि देशमुखांचे अधिकार जाऊन त्यांची जमीन व प्रतिष्ठा तेवढी राहिली. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वाढले आणि १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा ओलांडून नागपूरला पोचला. पुढे मूर्तिजापूरपासून यवतमाळकडे (१९०३) आणि अचलपूरकडे (१९१३) अरुंद मार्गाच्या गाड्या सुरू झाल्या. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव यांसारख्या कसब्यांत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. कसब्याच्या मध्यभागी पूर्वी गढी असे, तेथे आता कापसाचा बाजार आला. पुढारीपणाची जागाही त्याबरोबर हलली.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर वऱ्हाडातही स्थानिक स्वराज्याचे कायदे झाले. १८८५ च्या कायद्याने ग्रामीण मंडळे व १८८६ च्या कायद्याने नगरपालिका यांना रूप आले. या मंडळांना शाळा, दवाखाने, रस्ते व विहिरी ही कामे दिली होती आणि त्यासाठी जमीनमहसुलावर उपकर बसविलेला होता. उपकर प्रत्येक कास्तकार भरीत असे. मताचा अधिकार मात्र मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या मोजमापाने मोजक्यांनाच होता. परिणामतः या मंडळांवर वकील, व्यापारी, सावकार व मोठे जमीनदार बसले. त्यांपैकी काहींनी उत्तम काम केले. अमरावतीच्या गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांनी वकिली, नगरपालिका व राष्ट्रीय राजकारण ही तिन्ही क्षेत्रे सांभाळली. १८९७ मध्ये अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे १९१२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण खापर्डे-मुधोळकरांचे वऱ्हाड हे शहराचे व इंग्रजी शिकलेल्यांचे वऱ्हाड होते. खेड्यातील माणूस त्यांच्याकडे येई तो पक्षकार म्हणून.

कापूस बाजाराचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे. भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये रेसिडेंटच्या हुकमाने कारंजा येथे सुरू झाला. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारविषयक कायदा झाला. अडते, दलाल व मापारी यांना परवाने, ठरावीक हक्कदर आणि बाजाराचे काम पाहण्यासाठी समिती, अशी त्याची योजना होती. असा कायदा देशात इतरत्र नव्हता आणि पुढे इतर प्रांतांनी त्याचा कित्ता गिरविला. समितीवर नगरपालिकेचे किंवा स्थानिक मंडळाचे प्रतिनिधी आणि व्यापारी यांना जागा होत्या. ज्याचा कापूस बाजारात येई, त्या कास्तकाराला स्वतंत्र जागा नव्हती. कापूस गाडीतून उतरण्यापूर्वी अडत्याची उचल त्याच्या डोक्यावर असे. भाव ठरे तो दुसऱ्यांच्या बोलण्यात आणि धर्मादायाच्या नावाने होणारी कपातही त्याच्याच रकमेतून होई. त्या धर्मादायातून पाणपोया व गोरक्षणे चालत व त्यांच्या भिंतीवरील दगडी पाट्यांवर नावे येत ती व्यापाऱ्यांची. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांची दखल घेतली; मध्य प्रांताचा कापूस बाजार कायदा १९३२ मध्ये आला आणि उत्पादकांच्या प्रतिनिधित्वाला कायद्यात स्थान मिळू लागले. म्हणजे पहिल्या बाजारापासून सुमारे साडेचार दशके, गावाच्या वर्षभराच्या कमाईचा निर्णय जेथे होई तेथे गावाचा माणूस बसलेला नव्हता. वऱ्हाडातील स्थानिक नेतृत्वाची नंतरची ताकद आणि दुबळेपणा ही दोन्ही समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

खेड्यातील तरुणाला सार्वजनिक शिस्तीची पहिली ओळख अनेकदा आखाड्यात झाली. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या वर्गांत शिकलेले तरुण आपापल्या गावी परत जाऊन लाठी, मल्लखांब व लेझीम शिकवीत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, हे सर्वश्रुत आहे. त्याहूनही गावोगावच्या आखाड्यांचे मोल अधिक मानले पाहिजे. १९३० च्या व १९४२ च्या चळवळींत जे स्वयंसेवक मिळाले, ते काही अंशी अशा आखाड्यांनीच पुरविले.

पाण्याचा प्रश्न : पूर्णा-खोऱ्याच्या मोठ्या पट्ट्यात भूजल खारट आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट व मूर्तिजापूर या तालुक्यांतील अनेक गावे या खारपाणपट्ट्यात मोडतात. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या प्रदेशात १९३० चा मिठाचा सत्याग्रह दहीहांड्याच्या विहिरींवर झाला, तो त्यामुळेच. ज्या गावात गोड पाण्याची एकच विहीर असे, तेथे त्या विहिरीवर कोणी यावे हा केवळ आचारधर्माचा विषय राहत नसे. तो रोजच्या जगण्याचा प्रश्न होई.

या पार्श्वभूमीवर पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख (१८९८–१९६५) यांच्या जिल्हा कौन्सिलमधील कामाकडे पाहावे लागते. अमरावती जिल्ह्यातील पापळ हे त्यांचे जन्मगाव. इंग्लंडमधील शिक्षण पुरे करून परतल्यावर ते १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तत्पूर्वी, १९२७ मध्ये, अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. पंजाबरावांचा या चळवळीला पाठिंबा होता. कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी कर वाढविला. कर वाढवून लोकप्रिय राहणे सोपे नसते. येथे तो कर डोळ्यांसमोर दिसणाऱ्या शाळेसाठी होता, हे त्याच्या स्वीकाराचे एक कारण मानता येईल. विहिरींचा निर्णय कागदावर झाला, तरी प्रत्येक गावी तो अंमलात आला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र स्थानिक मंडळ हे केवळ रस्ते-पूल यांचे खाते नसून गावाच्या नीतीविषयी बोलण्याचे व्यासपीठही होऊ शकते, हे त्यामुळे प्रथमच दिसून आले.

पंजाबरावांचे टिकाऊ काम शिक्षणाचे आहे. श्रद्धानंद छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली आणि १९३२ च्या सुमारास स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने पुढील तीन दशकांत वऱ्हाडच्या तालुक्या-तालुक्यांत माध्यमिक शाळा उघडल्या. शाळा मागणाऱ्या गावाला जागा व इमारतीसाठी हातभार लावावा लागे, त्यासाठी गावात समिती लागे आणि समितीला हिशेब ठेवणारा माणूस लागे. कुणबी, माळी, तेली, बारी, धनगर अशा समाजांतील पहिल्या पिढीच्या शिकलेल्या माणसांना सभा कशी चालवावी, ठराव कसा लिहावा याचे धडे या समित्यांतून मिळाले. १९५२ नंतर जे आमदार, सभापती व सहकारी संस्थांचे संचालक झाले, त्यांपैकी अनेकांची सुरुवात एखाद्या शाळेच्या समितीपासून झालेली आढळते.

गाडगे महाराज : शाळा व मंडळे यांचा संबंध अक्षर ओळखणाऱ्याशी येतो. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशांसाठी जे काम झाले त्याची परंपरा वेगळी आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर ऊर्फ गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचा जन्म शेंडगाव (जि. अमरावती) येथे परीट कुटुंबात झाला आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गेले. मामाची शेती सावकाराच्या कर्जात सापडल्याचा अनुभव त्यांनी जवळून घेतला होता. आपल्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत न घालता त्यांनी गोडाचे जेवण दिले आणि भावकीचा रोष पत्करला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खापर व खराटा अशा वेषात ते एखाद्या गावी येत, दिवसभर रस्ते झाडीत आणि रात्री त्याच जागी कीर्तन करीत.

त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे होते. ते श्रोत्यांना विचारीत, श्रोते उत्तर देत आणि आपल्याच उत्तराने अडचणीत येत. कर्ज काढून लग्न करू नये, नवसाला कोंबडे-बकरे मारू नये, दारू सोडावी, शिवाशीव मानू नये, भाकरी हातावर घेऊन खाण्याची वेळ आली तरी मुलाला शाळेत घालावे, हे त्यांचे सांगणे. भातकुली तालुक्यात पूर्णेकाठी ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे यात्रेकरूंची सेवा केली आणि लोकांच्या श्रमाने घाटाचे काम उभे केले. मूर्तिजापूरचे गोरक्षण, पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथील धर्मशाळा ही त्यांच्या प्रेरणेने झालेली कामे होत. व्यापाऱ्यांकडून त्यांनी देणग्या घेतल्या. पण स्वतः त्या धर्मशाळांत पंक्तीला बसले नाहीत आणि शिष्य केले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. त्यांच्या पद्धतीचे मर्म येथे आहे. ते काम सुरू करून देत, विश्वस्त नेमीत आणि निघून जात. राहिलेल्या माणसांना ते काम स्वतःचे म्हणून चालवावे लागे. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन ही संस्था स्थापन झाली, तेव्हा यांतील बरीच कामे आधीच आपल्या पायांवर उभी होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ त्यांचे निधन झाले.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. महाराज गाव झाडून पुढे गेले की काही दिवसांनी उकिरडा पुन्हा रस्त्यावर येई. कीर्तनाने माणूस हलतो, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोणी हाक मारणारे लागते. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न वऱ्हाडच्याच दुसऱ्या संताने केला.

मोझरीचा प्रयोग : माणिक बंडोजी इंगळे ऊर्फ तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. शालेय शिक्षण थोडे, पण खंजिरीवरील भजनाची विलक्षण हातोटी त्यांना लाभली होती. १९३५ मध्ये सालबर्डी येथे झालेल्या मोठ्या यज्ञसमारंभास प्रचंड जनसमुदाय लोटला. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीजवळच्या माळावर त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. सालबर्डीचा समारंभ व गुरुकुंजाची स्थापना एकाच वर्षातील असली, तरी त्यांची दिशा भिन्न आहे. सालबर्डीला लोक दर्शनाला आले होते; मोझरीस आलेल्याला काम मिळे. १९३६ मध्ये त्यांनी काही काळ गांधीजींच्या सहवासात घालविला आणि त्यानंतर सफाई, सूतकताई, ग्रामोद्योग यांना त्यांच्या कार्यक्रमात अधिक जागा मिळाली.

गुरुदेव सेवामंडळाची रचना साधी होती. गावात सकाळी ध्यान व संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हावी. पहाटे रामधून निघावी आणि तत्पूर्वी तिच्या वाटेवरील रस्ते झाडून, सडा घालून तयार असावेत. गावच्या शाखेचा एक सेवाधिकारी असावा, त्याच्यावर तालुक्याचा व जिल्ह्याचा. आणि गावोगाव फिरणारे प्रचारक असावेत. प्रार्थनेच्या जागी मूर्तीऐवजी अधिष्ठान म्हणून रिकामे आसन मांडीत. या एका गोष्टीमुळे पुजाऱ्याचा, मानाचा आणि सोवळ्याओवळ्याचा प्रश्नच उद्भवत नसे. देवळात ज्याला आत घेण्यावरून वाद झाला असता, तो प्रार्थनेच्या सतरंजीवर ओळीत बसे. प्रार्थना संपल्यावर गावातील गोष्टी निघत : कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोठे नाली तुंबली आहे, कोणते भांडण कोर्टात जाण्याच्या बेतात आहे. सेवाधिकारी होण्यासाठी जमीन, वतन किंवा इंग्रजी शिक्षण लागत नसे. रोज वेळेवर यावे लागे. वतनदाराला जन्माने मिळालेले आणि वकिलाला पदवीने मिळालेले पुढारीपण येथे हजेरीने मिळू लागले. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासात हा बदल लहान नाही.

या संघटनेची कसोटी लवकरच लागली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर (जि. चंद्रपूर), आष्टी (जि. वर्धा) व अमरावती जिल्ह्यातील यावली, बेनोडा येथे जनतेचा उठाव झाला व गोळीबारात माणसे मारली गेली. चिमूर, आष्टी व यावली या भागांवर तुकडोजींच्या भजनांचा प्रभाव असल्याने सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले; डिसेंबरात त्यांची सुटका झाली. उठावाची सर्व कारणे भजनात शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. युद्धकाळातील टंचाई, काँग्रेसची तयारी व स्थानिक अधिकाऱ्यांचे वर्तन यांचाही त्यात भाग होता. तथापि, एकत्र बसण्याची सवय असलेली गावे अशा वेळी एकत्र उठली, हे नाकारता येत नाही. १९४३ पासून ‘श्रीगुरुदेव’ हे मासिक निघू लागले व सेवामंडळाच्या शाखा वऱ्हाडाबाहेरही पसरल्या.

या अनुभवाचे सार ‘ग्रामगीता’ या ग्रंथात आले आहे. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ओवीबद्ध ग्रंथाचे ४१ अध्याय असून ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, ग्रामशिक्षण, महिलोन्नती असे विषय त्यांत स्वतंत्रपणे हाताळले आहेत. पोथीचे रूप हेतुपूर्वक घेतलेले दिसते. जी माणसे सरकारी पत्रक वाचणार नाहीत, ती पोथी ऐकायला बसतात. संडास कसे असावे, खत कसे करावे, मत देताना जात, नाते व पैसा का पाहू नये, असे विषय देवळाच्या ओसरीत वाचले गेले. ग्रंथाची ग्रामकल्पना काहीशी भावडी आहे, गावातील वर्गविरोध ती सद्भावनेने मिटवू पाहते, ही टीका अस्थानी म्हणता येणार नाही. भूमिहीन मजूर आणि शंभर एकरांचा मालक एकाच सतरंजीवर बसले, तरी उठल्यावर एकाच वावरात निराळ्या नात्याने जात होते.

कायद्याचा प्रवाह आणि सेवेचा प्रवाह : १९२० च्या मध्य प्रांत ग्रामपंचायत कायद्याने फार थोड्या पंचायती अस्तित्वात आल्या. १९४६ च्या कायद्याने त्यांना व्यापक रूप दिले आणि १९४८ च्या कायद्याने जिल्हा कौन्सिले रद्द होऊन तहसीलवार जनपद सभा आल्या. कसबा आणि त्याची खेडी यांचा कारभार एकाच सभेखाली आणण्याची ही कल्पना वऱ्हाडच्या भूगोलाला साजेशी होती; पुरेसा पैसा व अधिकार न मिळाल्याने ती रुजली नाही. १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९६३ च्या आरंभी मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पदही संपले.

या नव्या संस्थांना माणसे हवी होती आणि ती शाळासमित्या, आखाडे व प्रार्थनासभा यांतून तयार होती. १९६२ नंतरच्या पहिल्या फळीत ही माणसे मोठ्या प्रमाणावर आली. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत शाळाखोल्या, विहिरी व जोडरस्ते यांच्या कामांत लोकवर्गणी आणि श्रमदान सहज मिळाले. पुढे अनुदान वाढले तशी वर्गणी कमी झाली. सेवाधिकारी उमेदवार झाला की प्रार्थनेच्या सतरंजीवर दोन पक्ष दिसू लागले. शिक्षणसंस्थांच्या निवडणुकाही जिल्ह्याच्या राजकारणाचे आखाडे बनल्या. हे सर्वत्रच घडले. वऱ्हाडात त्याची झळ अधिक लागली. पश्चिम महाराष्ट्रात १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला आणि तेथून पुढे ऊस उत्पादक हा कारखान्याचा सभासद, मतदार व काही अंशी मालक झाला. तेथील पुढारी चांगला असो वा वाईट, त्याला उसाच्या भावाबद्दल उत्तर द्यावे लागे. वऱ्हाडातील कापसाला असे घर मिळाले नाही. सरकी काढण्याचे कारखाने बहुतांशी खाजगी राहिले. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना राज्यपातळीवरची होती. तिच्या निर्णयात गावाचा किंवा कसब्याचा वाटा नव्हता. शाळा, सफाई व प्रार्थना यांत वऱ्हाडने स्वतःचे पुढारी घडविले, पण कर्ज व भाव यांच्याबाबत गाव पूर्वीइतकेच एकटे राहिले.

याची किंमत विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसली. कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मालिका सुरू झाली आणि जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ज्या भूमीत सावकाराच्या कर्जाविरुद्ध गाडगे महाराजांनी अर्धशतक कीर्तने केली आणि जेथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार उघडला, तेथेच हे घडावे, याचे उत्तर केवळ पावसाच्या नोंदीत शोधता येणार नाही.

स्त्रियांच्या सहभागाविषयीची माहिती १९९० पूर्वी तुटक आहे. तुकडोजींनी महिलांच्या संघटनेवर भर दिला होता व प्रार्थनेत स्त्रिया येत. परंतु मंडळे, समित्या व बाजार यांच्या इतिवृत्तांत त्यांची नावे क्वचितच आढळतात. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश, व २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा राखीव झाल्या. प्रारंभी सरपंच स्त्री आणि कारभारी नवरा हा प्रकार सर्रास होता. मात्र पाण्याच्या प्रश्नावर बोलताना कारभारी नवऱ्याचे ज्ञान अपुरे पडते, कारण खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्यासाठी मैलभर चालणारी स्त्रीच असते. ग्रामसभेत प्रथम आवाज उठला तो पुष्कळदा याच विषयावर. दलित व आदिवासी सरपंचांच्या बाबतीतही आरक्षणाने दार उघडले. आत गेल्यावर खुर्ची मिळते की नाही, हे गावागणिक निराळे आहे.

अलीकडील काळात शासनाने जुन्या परंपरेची नावे घेतली. २०००-०१ पासून महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व गावागावांत स्पर्धा लागली. स्पर्धेच्या महिन्यात रस्ते झळकले. बक्षीस मिळाल्यावर अथवा हुकल्यावर काय झाले, याचा अनुभव संमिश्र आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेचे पहिले वर्ष राज्यातील तीन तालुक्यांत झाले, त्यांत वरुड हा अमरावती जिल्ह्यातील तालुका होता. संत्र्याच्या बागांसाठी खोल गेलेल्या विंधन विहिरींच्या या तालुक्यात गावकऱ्यांनी उन्हाळ्यात हातांनी चर खणले.

अचलपूर तालुक्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे छोटे आदिवासी गाव आहे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये तेथील ग्रामसभेला गावालगतच्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेल्या टेकड्यांवर ग्रामस्थांनी झाडे लावली, चराई व तोड यांवर स्वतः निर्बंध घातले आणि वनातील सीताफळे एकत्रितपणे विकण्यास सुरुवात केली. विक्रीची व्यवस्था व मिळालेल्या रकमेचा विनियोग ग्रामसभेत ठरू लागला. २०१४ मध्ये या गावाला जैवविविधतेच्या रक्षणाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी संलग्न असा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सेवामंडळाच्या शाखेत जे नव्हते ते येथे आहे : मालाच्या विक्रीचा निर्णय करणारी आणि रोज एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहणारी माणसे एकच आहेत. अर्थात, सीताफळाला कापसासारखा जगाचा बाजार नाही, हेही खरे.

मोझरीस दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी होते. वऱ्हाडच्या व विदर्भाच्या गावोगावच्या शाखा पालख्या-दिंड्यांसह येतात. मौन श्रद्धांजलीच्या वेळी हजारो माणसे स्तब्ध उभी राहतात आणि नंतर मैदान झाडण्याचे काम शाखांना वाटून दिले जाते.